पावट्याचा वेल वाचवणाऱ्या आजींना

तीर्थस्वरूप आजींना साष्टांग नमस्कार,

भोगीच्या भाजीत यंदा पावटे घरचे होते, गच्चीवरच्या वेलाचे. ताटात भाजी वाढताना तुमची आठवण आली आणि तेव्हाच ठरवलं, आजींना पत्र लिहायचं. तुमची नात ते वाचून दाखवेलच. पण सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्ही मला जे दाखवलंत ते कुंडीत चार रोपं लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

तुम्ही लेकाकडे पुण्याला आलात तेव्हा कार्तिक संपत आला होता. चार दिवस आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि वेलावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला. कोवळ्या शेंड्यांना काळे तीळ चिकटवावेत तसा गच्च. शेंड्याची पानं आत वळलेली, खालच्या पानांवर चिकटा आणि चिकट्यावर काजळी. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा दुकानातून कीटकनाशक आणून मी दोनदा फवारलं. आठ दिवस वेल स्वच्छ दिसला, मग मावा दुपटीने परत आला. एक शेंग हाती लागली नाही. मुलं तिथेच खेळायची, त्याची धास्ती वेगळीच. म्हणून यंदा औषध न आणता मी बोटांनी मावा चिरडत बसले होते.

तुम्ही कपडे वाळत घालायला वर आलात. माव्याच्या त्या घोळक्यात एक काटेरी अळी होती, करडी-काळी, पाठीवर नारिंगी ठिपके, नखाएवढीसुद्धा नाही. माझं बोट तिच्यावर टेकणार एवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. "थांब पोरी, ती आपल्यातली हाय."

मग आपण दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. अळीने एक मावा जबड्यात धरला, त्याचे पाय हलत होते तोवर रस ओढून घेतला, आणि सुरकुतलेलं कातडं टाकून ती दुसऱ्याकडे सरकली. मी तिलाच कीड समजत होते! पिवळ्या-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा ढाल किडा (लेडीबर्ड) मला ओळखीचा होता, पण त्याचं पिल्लू असं दिसतं हे ठाऊक नव्हतं. कोषात जाईपर्यंत अशी एक अळी शेकडो मावा फस्त करते. गेल्या वर्षी माझ्या फवाऱ्याने मावा तर मेला, पण त्याला खाणारेही मेले असणार. आणि माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट जिवंत पिल्लं घालते. आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही विऊ लागतात. खाणारं कोणी उरलं नाही की वेल त्यांचाच.

मुंग्यांचंही तुम्हीच दाखवलंत. बांबूवरून त्यांची रांग वर चालली होती आणि मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मावा गोड चिकटा टाकतो, मुंग्या तो चाटतात, आणि ढाल किडा जवळ आला की त्याला हुसकून लावतात. आपण दुधाचं पातेलं पाण्याच्या ताटलीत ठेवतो, तशी तुम्ही कुंडी परातीत ठेवायला लावलीत, खाली दोन विटा आणि भोवती पाणी. भिंतीला आणि कठड्याला टेकलेली एकेक फांदी सोडवून आत वळवलीत, नाहीतर मुंग्यांना तोच पूल झाला असता. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून परात दर दोन दिवसांनी घासून पुन्हा भरते. तिसऱ्या दिवसापर्यंत मुंग्यांची रांग तुटली होती.

अगदीच लडबडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले. बाकीच्या पानांवर सकाळी खालून पाण्याचा जोरदार फवारा, पण अळ्या असलेली पानं सोडून. निंबोळीचं प्रमाण इथे लिहून ठेवते, बरेच जण विचारतात: 50 ग्रॅम निंबोळी जाडसर कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, साबणाचा छोटासा तुकडा विरघळवायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. तेही जिथे मावा दाट आहे तिथेच.

एक बोल मात्र जिव्हारी लागला, आणि तो खरा होता. दर आठवड्याला मी चिमूटभर युरिया घालते हे ऐकून तुम्ही म्हणालात, "लेकरू सुजलंय, धरलं न्हाई." त्या लुसलुशीत शेंड्यांवरच मावा तुटून पडतो. तेव्हापासून युरिया बंद केला, महिन्याकाठी मूठभर शेणखत घालते. पानं लहान आली, पण जाड आली, आणि मार्गशीर्षात वेल पांढऱ्या फुलांनी भरून गेला.

आजी, तुम्ही पंधरा दिवसांत गावी परत गेलात. फुलं पाहायला थांबला नाहीत याची चुटपुट आहे. मावा अजूनही असतो एखाद्या शेंड्यावर. आता त्या शेंड्याजवळ गेले की आधी पान उलटं करते आणि आपल्यातलं कोणी आहे का ते बघते. काल पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, तांदळाच्या कणीहून बारीक, सगळी उभी चिकटवलेली. लेकीला हाक मारून दाखवला.

बुडाकडच्या पाच शेंगा तोडल्या नाहीत, वेलावरच वाळू दिल्यात. त्यांचं बी तुमच्यासाठी. पुढच्या महिन्यात तुमचा लेक गावी येईल, त्याच्याबरोबर पाठवते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोर