बाबा, पग नको

आई, बाबा,

तुम्ही पग आणायचं म्हणताय त्याबद्दल बोलायचं होतं, पण फोनवर बाबा "बरं बरं" करून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितोय.

बाबा, तुम्ही विचारलंत ना की हा चपट्या नाकाचा पग लांडग्याचा वंशज कसा, तर आहे तो खरंच. निदान १५ हजार वर्षांपूर्वी, शेतीबितीच्याही आधी, माणसाला कमी बुजणारे लांडगे आपल्याजवळ टिकले असं मानतात. जर्मनीत बॉनजवळ साधारण १४ हजार वर्षांपूर्वीचं एक पिल्लू माणसांसोबत पुरलेलं सापडलंय, आणि आई, ते बरेच दिवस आजारी होतं तरी कुणीतरी त्याचं सगळं करत होतं, तुझ्यासारखंच कुणी असणार. रशियात बेल्यायेव म्हणून शास्त्रज्ञाने १९५९ पासून कोल्ह्यांवर हेच करून बघितलं, दर पिढीत सगळ्यात माणसाळलेले निवडायचे आणि त्यांचीच पिल्लं वाढवायची, थोड्याच पिढ्यांत कोल्हे शेपट्या हलवायला लागले!

मग कामाप्रमाणे निवड झाली, कुणी मेंढ्या राखायला, कुणी बिळात घुसायला आखूड पायांचा. इथवर ठीक होतं. पण १८७३ ला लंडनमध्ये केनेल क्लब म्हणून जातिवंत कुत्र्यांची संस्था निघाली, शो, बक्षिसं, आणि काम राहिलं बाजूला, नुसता चेहरा बघायला लागले. पग तसा जुना, चीनच्या राजदरबारातला, पण जुन्या चित्रांत त्याचं तोंड चांगलं लांब दिसतं, आता नाकच उरलं नाहीये. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, ह्याला धड श्वासच घेता येत नाही, त्यात आपलं ठाण्याचं एप्रिल-मे. तलावपाळीला तो जाडा पग येतो बघा, चार पावलं टाकली की घोरत फुटपाथवर बसकण मारतो, मालक बिचारा बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओततोय. वर तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या. कोण पुसणार? आईच ना.

त्यापेक्षा खाली वॉचमनच्या केबिनमागे काळीला पिल्लं झालीत त्यातलं एक घ्या. त्यांना कुणी शोसाठी घडवलेलं नाही, हवा सोसतात. आणि पोळीही पचते, लांडग्यापेक्षा कुत्र्यात स्टार्च पचवायच्या जीनच्या कॉपीज बऱ्याच जास्त असतात. फक्त चहात बुडवून बिस्किटं नको हं आई.

रविवारी खारघरहून लवकर निघतो, आधी डॉक्टरकडे नेऊ, इंजेक्शनं वगैरे. नाव आईने ठेवायचं, टॉमी सोडून काहीही.

तुमचा,
बाळू