आपली गंगा जिथे पोचते

काकिनाडा, डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मध्येच "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहायला बसले. जेवले. प्रबंधही सादर झाला. आणि येत्या हंगामात कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या गटाचं काम माझ्याकडे सोपवलंय. गटात चौदा जण आहेत, त्यातले नऊ इथल्या मच्छीमारांच्या घरातले. माझं नाव त्यांनीच सुचवलं, हे मला फार मोठं वाटतं.

बाबा, बारावीनंतर तुम्ही विचारलं होतंत, "नाशिकला समुद्र कुठाय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आई रोज पहाटे जिच्यावर जाते, जिला आपल्याकडे सगळे गंगाच म्हणतात, ती गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून येते आणि तिची एक शाखा इथे जवळच समुद्राला मिळते. मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. त्यापुढे होप आयलंड, नदीच्या गाळानं आणि वाळूनं घडवलेली लांबलचक पट्टी. कासवं तिथेच अंडी घालायला येतात. वाटेत धरणांमध्ये गाळ अडतो, मुखाशी कमी पोचतो, किनारा झिजतो आणि घरट्यांची जागा आक्रसते. माझं सगळं काम या झिजेभोवतीच फिरतंय. म्हणजे मी घरापासून लांब आलेच नाही, नदीसोबत खाली आले एवढंच.

एक रात्र तुम्हाला दाखवायची होती. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी लाटेतून वर आली. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी, ओंजळीनं उपसावी तशी, ती आळीपाळीनं वाळू काढत होती, एक कणही परत आत पडू न देता. शंभरावर अंडी घातली. मग खड्डा बुजवून डावी-उजवीकडे डोलत सगळं अंग त्यावर आपटत राहिली, वाळू घट्ट बसेपर्यंत. आई, मला तुझी जमीन धोपटून सारवण्याची लय आठवली. मी टॉर्च विझवून नुसती बसून राहिले.

पहिल्या वर्षी मात्र माझं काम मेलेली कासवं मोजायचं होतं. कासव हवेवर जगतं, ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की पाण्याखाली गुदमरतं. तेव्हा रात्री घास उतरत नसे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, काळजी कराल म्हणून. गेल्या हंगामात मध्यरात्री एका म्हाताऱ्या मच्छीमाराचा फोन आला. जाळ्यात कासव आहे, जिवंत आहे, काय करू? आणि मी पोचेपर्यंत त्यानं स्वतःचं नवं जाळं कापलं होतं. आम्ही वर्गणी काढून त्याला दुसरं घेऊन दिलं. बाबा, तुम्ही माझ्या फीसाठी मोडलेली एफडी मला त्या रात्री आठवली.

पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी निघतात, म्हणून मार्चच्या शेवटी या. मी नाशिकरोडपासूनची तिकिटं काढते. आई, गोळ्या महिनाभराच्या घे. बाबा, गुडघ्याची पट्टी विसरू नका, बोटीतून उतरल्यावर थोडं पाण्यातून चालावं लागतं. मी हात धरीन.

तुमची,
मनू