‘स्वरूप’ या रकान्यात काय लिहायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यातला निवृत्त तलाठी. ३१ वर्षं सातबारे लिहिले. गाव नमुना बारामध्ये ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ असा एक रकाना असतो आणि त्याखाली दोन घरं, स्वरूप आणि क्षेत्र. क्षेत्र मी चोख लिहिलं. स्वरूपाच्या घरात मात्र सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या सपाट कातळी माळावरच्या, प्रत्येक गटाला एकच शब्द दिला, ‘पड’. खरिपाच्या पीकपाहणीला मी सड्यावर कधी चढलोच नाही. पीकच नाही तर पाहायचं काय, असा हिशेब.

गेल्या पावसाळ्यात पुतणी येऊन राहिली होती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. “काका, तुमचं अक्षर चांगलंय, चला लिहायला,” म्हणाली आणि सड्यावर घेऊन गेली. तिच्याकडे पाइपची मीटरभर लांबीरुंदीची चौकट होती. ती कातळावर ठेवायची, आत काय काय उगवलंय, कोणी किती जागा धरलीय, माती किती खोल आहे, पाणी साचलंय की वाहतंय, हे सगळं मांडायचं. एखाददुसरं रोप असेल तर अधिकचं चिन्ह, पाऊण चौकटीच्या वर पसरलं असेल तर ५. ब्राउन-ब्लांके नावाच्या युरोपातल्या शास्त्रज्ञाने बसवलेली ही रीत. मला ती लगेच समजली. पीकपाहणीच ती, फक्त जागेवर जाऊन करायची.

मातीची खोली आम्ही दाभणावर खुणा करून मोजली, आणि सगळी मेख तिथेच निघाली. जिथे दाभण जेमतेम टोकापुरतं जाई आणि वरून पाणी झिरपत असे, तिथे गेंदाची बटणासारखी पांढरी फुलं आणि सीतेची आसवं नावाची रोपं एकत्र. ही सीतेची आसवं मातीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात, कारण त्या मातीत नत्र नाहीच. चार बोटं माती असली की ती दोघंही गायब, गवत सुरू. डबक्यात वेगळीच मंडळी, कातळाच्या खाचेत आणखी वेगळी. वीस पावलांत चार वस्त्या! आणि या वस्त्या कुठेही तशाच भेटतात: तेवढीच माती, तेवढंच पाणी दिसलं की दाभण खुपसण्याआधी मी नावं सांगू लागलो. ऑक्टोबरात सगळं वाळून पिवळं पडलं, तेव्हा मात्र माझा ‘पड’ हा शब्द मलाही खरा वाटला असता.

आमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही आहे. २००२च्या कायद्याने ती करावी लागते. तिच्यात नावं आहेत, अनुक्रमांकाने. पण कोण कोणाच्या शेजारी, कशावर जगतं, याचा पत्ता नाही. कोणाच्या खात्यावर किती जमीन, एवढंच सांगणारे आठ-अचे उतारे वाचून गाव कळतं का? चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८चं वर्गीकरण वनखातं वापरतं, त्यात १६ मोठे गट आहेत. पण ती मुळात वनांची यादी, झाड नसलेल्या कातळाला तिथे घर कुठलं? युरोपीय संघाने १९९२च्या अधिवासांच्या कायद्यात चुनखडीच्या उघड्या कातळालाही स्वतंत्र क्रमांक दिलाय, ८२४०. पुतणीने हे सांगितलं तेव्हा माझ्यातला तलाठी हळहळला. कातळाला गट नंबर आम्हीही दिला होता की, फक्त पुढे काही लिहिलं नाही.

हे आज लिहिण्याचं कारण, आमच्या सड्यावर वृक्षलागवड ठरली आहे. ‘पडीक जमीन हिरवी करू’ असा फलकही लागला. लावणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यात कोणी ओळखीचेही आहेत. एरवी चिरेखाणीला किंवा सुरुंग लावून आंब्याच्या कलमांना सडा जातो, त्यामानाने झाडं बरी, असंही कोणी म्हणेल. माझी मागणी एवढीच की खड्डे पावसाळा संपेपर्यंत थांबवा, ऑगस्टात एकदा चौकट घेऊन वर या, आणि ‘स्वरूप’मध्ये झिरपता कातळ, डबकं, खाच, गवताळ सडा असं काय असेल ते लिहा. हे शब्द गावात आहेत, नवे पाडायला नकोत.

काल वर जाऊन आलो. खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणा केल्या आहेत. कातळ फोडायला जड, म्हणून खुणा नेमक्या मातीच्या खळग्यांवर पडल्या आहेत. त्याच खळग्यांत गेल्या जूनला, पहिल्या पावसानंतर, दीपकाडी पांढरी फुलली होती. कोकणाबाहेर ती फारशी कुठे सापडत नाही. आता मे संपत आलाय, तिचे कांदे जमिनीत आहेत आणि वर काहीच दिसत नाही. कुदळवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, इथे आहेच काय?

आपला,
एक निवृत्त तलाठी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी