जिप्सीला मोठा कॅम न दिल्याबद्दल

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

२८० अंशांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; अंश म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो ते, म्हणजे ड्युरेशन) घासून द्या म्हणून आलेल्या आम्हा जिप्सीवाल्यांना तुम्ही आधी एकच विचारलंत, "गाडी चालणार कुठं?" चढणीला, चिखलात, लो-रेशोत (फोर-व्हीलच्या हळू, जोरदार गिअरात), म्हणजे फार तर १५०० ते ३५०० आरपीएममध्ये. त्यावर तुम्ही २४८ चा कॅम सुचवलात आणि कागदावर हिशेब मांडून दिलात. त्या हिशेबाचे हे आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तो इतरांच्याही कामाचा आहे.

इंजिन जी-१३-बीए, १२९८ सीसी, ८ व्हॉल्व्ह, कार्बोरेटरवालं. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५ मिमी. दोन्ही कॅमचा लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) ११० आणि इनटेक सेंटरलाइन (इनटेक पूर्ण उघडतो तो अंश) १०८ धरली (सेपरेशनचे अंश कॅमचे, बाकी सगळे क्रँकचे), तर २४८ ला इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन तळाला पोचल्यानंतर) ५२ अंशांवर बंद होतो, २८० ला ६८ वर. ऐकायला फरक सोळाच अंशांचा. पण ५२ ला पिस्टनच्या वाटेत साधारण ६४.७ मिमी स्ट्रोक शिल्लक असतो, ६८ ला ५७ च (रॉड १२० मिमी धरून). त्याआधी दाबलेलं मिक्श्चर उघड्या व्हॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये जातं. कागदावर कॉम्प्रेशन ९ असलं, तरी हाती येणारं ७.९ वरून ७ वर उतरतं. चढणीला गाडी दम का खाते, ते इथं कळतं. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेच्या वेगामुळं तोच उशीर फायद्याचा ठरतो. पण आमची गाडी तिथं जातच नाही.

ओव्हरलॅपचंही (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात त्या काळाचं) तेच. २४८ ला २८ अंश, २८० ला ६०. साठ अंशांना स्लोवर (आयडलिंगला) मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, कार्बोरेटरला खेच मिळत नाही, गाडी थरथरत बंद पडते आणि ब्रेकचा बूस्टर अर्धवट काम करतो. उतारावर पेडल दगडासारखं लागलं की मग लोकांना कॅम आठवतो. एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) जिप्सीत तर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) कमी व्हॅक्यूम दाखवतो, कॉम्प्युटर त्याला लोड समजतो आणि स्लोवरही पेट्रोल ओतत राहतो.

ड्युरेशन कुठल्या लिफ्टवर (व्हॉल्व्ह किती उचलल्यावर) मोजलं ते आधी विचारा, ही तुमची ताकीद लाखमोलाची. एकाचे २६० अंश ०.१ मिमीपासून मोजलेले, दुसऱ्याचे १.२७ पासून, आकडा एकच, पण दुसरा कॅम कितीतरी मोठा. बाजारात मात्र 'रेस कॅम' म्हणून नुसता आवाज ऐकवतात.

घासलेल्या कॅमची गोम तुम्ही रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली पट्टी) हातात देऊन दाखवलीत. कॅमच्या नाकावर धातू वाढत नाही, म्हणून लिफ्ट वाढवायला बेस सर्कल (नाकाशिवायचा गोल भाग) कमी करावं लागतं. मग टॅपेटचा (व्हॉल्व्हची फट ठरवणारा) स्क्रू जास्त बाहेर येतो आणि रॉकरच्या पॅडवरचा घासण्याचा पट्टा सरकतो. निळा रंग लावून इंजिन दोन फेरे हातानं फिरवलं की पट्टा पॅडच्या आत आहे की कडेवर, ते दिसतं. कडेवर आला तर तो कॅम बसवायचा नाही, वाद नको.

बसवताना टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पुलीच्या खुणेवर सोडायचा नाही. प्लगच्या भोकात स्टॉपर घालून इंजिन दोन्ही बाजूंनी अलगद टेकवायचं आणि दोन आकड्यांचा मध्य धरायचा. मग इनटेकला डायल गेज लावून पूर्ण लिफ्टच्या १.२७ मिमी अलीकडचा आणि पलीकडचा अंश वाचायचा. आम्हाला ७४ आणि १४२ मिळाले, सरासरी १०८. ती चुकली तर बेल्टचा दात सरकवून भागत नाही. एक दात म्हणजे पंधरा-वीस अंश. ऑफसेट डॉवेलच (कॅमची पुली थोडी फिरवून बसवणारी पिन) लागतो.

पिस्टनवर मातीचा गोळा दाबून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला क्लिअरन्स बघायला लावलात, तेही बरं झालं. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. स्प्रिंग पूर्ण लिफ्टला दाबून कॉइल भिडायला १.५ मिमी उरतात का, तेही तेव्हाच. टॅपेट क्लिअरन्स मात्र नव्या कॅमच्या कार्डावरचा (तुम्ही दिलेल्या आकड्यांच्या कागदावरचा) ठेवायचा. मूळ इंजिनचा ठेवला तर व्हॉल्व्ह एक तर ठोकतो, नाहीतर नीट बसत नाही आणि जळतो.

पॅडला आणि लोबला असेंब्ली पेस्ट, इंजिनात जस्त-फॉस्फरसवालं तेल, आणि सुरू झाल्याबरोबर २० मिनिटं २००० च्या वर, स्लोवर सोडायचं नाही: हे तुम्ही तीनदा बजावलंत. तिन्ही वेळा लिहून घेतलं.

मूळ कॅम तेल लावून, कापडात गुंडाळून उभा टांगलाय. तुमचं कार्ड बॉनेटच्या आतून चिकटवलंय. एक्झॉस्टचा आकडा तेलाच्या डागानं पुसट झालाय, पुढच्या फेरीला पुन्हा लिहून द्या.

आपले,
जिप्सीवाले