दादांच्या रिव्हॉल्व्हरला कोणती काडतुसं?

देवगड

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आगोटीच्या घाईत आलं म्हणून उत्तराला उशीर झाला. दादांचं रिव्हॉल्व्हर रीतसर तुझ्या परवान्यावर चढलं, हे वाचून फार बरं वाटलं. नाहीतर माणूस गेला की हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं आणि घरचे पुढे अर्जच करत नाहीत.

आता तुझा प्रश्न. परवान्यावर .३२ बोर लिहिलंय, मग दुकानात बत्तीसची काडतुसं मागितली की झालं, असं तू लिहितोस. तसं करू नकोस रे. आपल्याकडे बत्तीस म्हणून दोन वेगळी काडतुसं विकली जातात, एक पिस्तुलाचं आणि एक रिव्हॉल्व्हरचं. पिस्तुलाच्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, लांबी साधारण १७ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरच्या 'स्मिथ अँड वेसन लाँग' या काडतुसाची २३. जाडी मात्र जवळपास सारखीच. पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला अगदी बारीक काठ असतो, आणि तेवढ्या काठावर ते रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, अडकून बसतं, उडतंसुद्धा. धोका तिथेच आहे. लाँगचा दाब १५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) धरलेला असतो, पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५००. शिवाय त्याची गोळी तांब्याच्या कवचाची असते, जुन्या नळीला साध्या शिशाच्या गोळीपेक्षा जड जाते. काडतूस आत गेलं म्हणजे ते त्या हत्याराचंच, असं नव्हे. आर्मररच्या, म्हणजे हत्यारांची देखभाल करणाऱ्याच्या, नोकरीत नव्या पोरांना मी हेच पहिल्यांदा शिकवायचो.

त्यातही रिव्हॉल्व्हरचं बत्तीस एकच नाही. १८७८ च्या सुमाराचं आखूड, १८९६ चं लाँग, आणि १९८४ मध्ये अमेरिकेत आलेलं मॅग्नम. आखूड काडतूस लाँगच्या चक्रीत चालतं. मॅग्नम जुन्या हत्याराच्या जवळपासही आणायचं नाही. दादांची चक्री आखूडची की लाँगची, ते फोटोवरून सांगता येत नाही. चक्रीतल्या ज्या भोकात काडतूस बसतं त्या घराच्या आत, पुंगळीचं तोंड जिथे टेकतं तिथे एक बारीक पायरी असते. ती किती खोल आहे ते परवानाधारक कारागिराकडून मोजून घे. घरी खिळा-सळई घालून मापू नकोस.

दुसरी गोष्ट दारूची. तुझ्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ठासणीच्या बंदुका वापरल्यात, त्यांना काळी दारू ठाऊक आहे. तिचा दाब बेताचा असतो. बिनधुराच्या दारूचा दाब त्याहून फार वर जाऊ शकतो, आणि काळ्या दारूच्या काळातलं लोखंड त्या हिशेबाने घडवलेलं नसतं. इंग्लिश हत्यारांवर याचं उत्तर कोरलेलं सापडतं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने, म्हणजे हत्यारं तपासून खूण ठोकणाऱ्या संस्थेने, १९०४ पासून बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या हत्यारांवर मुकुटाखाली 'एनपी' ही अक्षरं ठोकली. नळीवर आणि चक्रीच्या प्रत्येक घरापाशी भिंग लावून बघ. काही हत्यारांवर पुंगळीची लांबी आणि दाब टनांतही कोरलेला असतो. तसं असेल तर फारच उत्तम.

खूण सापडली, चक्री लाँगची निघाली आणि सांधे घट्ट असले, तर आपल्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस घ्यायला माझी हरकत नाही. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या इंग्लिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्याच घडणीचं आहे, मधोमध मोडून उघडणारं, आणि ते काडतूस त्याच्यासाठीच बनतं. पण सांधे आधी. रिकामं आहे याची दोनदा खात्री कर, मग नळी आणि मुठीचा जोड हलवून बघ. चाप दाबून घोडा पडलेल्या स्थितीत चक्री हाताला डुगडुगली, किंवा बिजागरीत खेळ जाणवला, तर कोणतंच काडतूस योग्य नाही. ते मग दादांची आठवण म्हणूनच राहू दे.

आणि ट्रंकेतली ती जुनी काडतुसं! चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली आहेत असं लिहिलंस, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि आपल्या किनाऱ्याची खारी हवा मिळून पितळ खातात. पट्टा काढून एक काडतूस उजेडात धर: चामड्याला टेकलेल्या बाजूला हिरवट खरखरीत थर दिसेल, कदाचित तोंडापाशी बारीक तडाही. आत दारू ओली झालेली असू शकते. अशा काडतुसाचा बार नीट न होता नुसतं 'फुस्स' होतं आणि गोळी नळीतच अडकते. माणसाला वाटतं बार फुकट गेला, तो पुन्हा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज हलका आला की तिथेच थांबायचं, हत्यार रिकामं करायचं आणि नळी आरपार दिसते का ते बघायचं. काहीच आवाज झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, कारण बार उशिराही होतो.

ती जुनी काडतुसं खाडीत किंवा विहिरीत टाकू नकोस. त्यांचा हिशेब परवान्याशी जोडलेला असतो. ठाण्यात विचारून रीतसर जमा कर. नवी आणलीस की मूळ पेटीतच, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेव, हत्यारापासून वेगळी, कुलपात. काडतुसांना तेल पुसायचं नाही, ते बुडाच्या टोपीत, जिथे घोडा आदळून ठिणगी पडते तिथे, झिरपतं आणि बार मरतो. खोबरेल तर हत्यारालाही नको, चिकटून बसतं.

वानरांवर चालवायचं म्हणशील, तर त्यासाठी हे रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचंच नाही. ते काम ना याचं, ना कायद्यात बसणारं.

भिंगातून दिसतील त्या सगळ्या खुणांचे फोटो आधी पाठव. कोल्हापूरला कारागिराकडे जायचा दिवस ठरला की कळव, मीही येतो, म्हणजे माप माझ्यासमोरच घेतलं जाईल. तोवर एकही काडतूस विकत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत