लंडन पाहावे ते दोघांनी, आणि पायी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरातून युरोपच्या सहलीला जाणारी कुटुंबे आता गल्लोगल्ली आहेत. या सहलींत लंडनच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. बसच्या काचेतून बिग बेन, राजवाड्याच्या फाटकाशी फोटो, की लगेच पुढचा देश. सोलापूरकराने तिथे आवर्जून पाहावे असे जे आहे, ते या दीड दिवसात बसत नाही. म्हणून जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घेऊन नुसत्या लंडनसाठी चार-पाच दिवस काढावेत, असे मनापासून सुचवतो.

एक सकाळ अशी घालवावी. भुयारी रेल्वेने वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरून हाउली प्लेसवरचे १० क्रमांकाचे घर गाठावे. चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. घर खासगी आहे, तेव्हा पाटी रस्त्यावरूनच वाचावी. जवळच रीजंट कालवा लागतो. त्याच्या काठाने पूर्वेकडे चालत सुटायचे. थोड्याच अंतरावर कालवा सुमारे अडीचशे मीटर बोगद्यात शिरतो आणि बोगद्यात पायवाट नाही. वाट चुकली असे वाटून बरेच जण इथून माघारी फिरतात. तसे करू नये. वरच्या रस्त्याने बोगदा ओलांडावा आणि पलीकडे पुन्हा काठावर उतरावे. पुढे प्राणिसंग्रहालय लागते. तिथे कालवा सोडून डाव्या हाताची प्रिमरोझ टेकडी चढली की अर्धे लंडन समोर दिसते. टेकडीच्या उत्तरेला किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचेच आणखी एक घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात, नाहीतर बंद दारावरून परतावे लागते. परतीला चॉक फार्म स्टेशन जवळ पडते. टिळकांच्या दारापासून बाबासाहेबांच्या दारापर्यंत रमतगमत अर्धा दिवस पुरतो. या अर्ध्या दिवसाचा खर्च म्हणजे फक्त रेल्वेचे तिकीट.

पार्लमेंट पाहून झाले की थेम्स ओलांडून दक्षिण काठाला जावे. आल्बर्ट एम्बँकमेंटच्या बागेत महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे, नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचे अनावरण झाले. बसवेश्वरांचे वास्तव्य झालेल्या मंगळवेढ्याच्या जिल्ह्यातल्या माणसाने तिथपर्यंत जाऊन तो न पाहता परत येऊ नये.

आणि आपल्या शहराचा जीव ज्यात आहे ते कापड. १८६६ साली लंडनमध्ये हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत लावले गेले. असे २० संच काढले, त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले. इकडच्या गिऱ्हाइकाला काय आवडते ते तिथल्या गिरणीवाल्यांना कळावे, हा त्यामागचा हेतू. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जुने हिंदुस्थानी कापड जवळून पाहण्याची सोय आता झाली आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे मोठे भांडार मे २०२५ मध्ये पूर्व लंडनच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये लोकांसाठी खुले झाले. हॅकनी विक स्टेशनवरून तिथे चालत जाता येते. संकेतस्थळावरच्या यादीतून पाच वस्तूंपर्यंत निवड करून निदान दोन आठवडे आधी नोंदवली, की त्या वस्तू आपल्यासमोर आणून ठेवतात, तेही मोफत. जुन्या इंग्रजी नोंदींत आपल्या गावाचे नाव ‘शोलापूर’ लिहीत, म्हणून शोध दोन्ही स्पेलिंगने घ्यावा. जाताना भिंग न्यावे. एका इंचात ताण्याचे म्हणजे उभे धागे किती, बाण्याचे म्हणजे आडवे किती, काठ अंगाबरोबर विणला आहे की मागून जोडला आहे, हे बघण्यातच खरी मजा आहे. यंत्रमागावर उभा राहिलेला मित्र बरोबर असेल तर दोन तास कसे गेले कळणार नाही.

आता पैसे कुठे वाया जातात ते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख चालत नाही, कार्ड टेकवावे लागते. दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचे वेगळे हवे. बसमध्ये चढतानाच टेकवायचे, रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना राहिले तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. सकाळी फोन आणि दुपारी कार्ड असेही करू नये, कारण यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दिवसभरात ठरावीक रकमेपुढे भाडे न कापण्याची सवलत बुडते. भाड्याची आठवड्याची अशीच कमाल मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, म्हणून गुरुवारी पोहोचण्यापेक्षा सोमवारी पोहोचलेले बरे. आपल्या बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते सोलापुरात असतानाच सुरू करून घ्यावेत, तिकडे ओटीपी येईलच याचा भरवसा नाही.

गर्दीत एक जण गाडीत चढला आणि दार लागले, असे हमखास होते. त्यासाठी आधीच ठरवून ठेवावे: चढलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचे, राहिलेल्याने पुढच्या गाडीने यायचे. जमिनीखाली फोन लागेलच असे नाही. खर्चासाठी दोघांनी रोज सकाळी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी. जेवण आणि चहा त्यातून, खरेदी ज्याची त्याने. मैत्री बिघडते ती चहाच्या हिशेबावरून.

शिदोरीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी खुशाल न्यावी. पेढे, तूप, खवापोळी मात्र नेऊ नये, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही चालत नाही. विमानात शेंगा चटणीचा डबा उघडू नये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारा शेजारी असेल तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिना चौकोनी आहेत. साधा अडॅप्टर पुरतो, जड कन्व्हर्टर विकत घेऊ नये. दोघांत दोन अडॅप्टर घ्यावेत.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर