पागा पाहा, मग भग्न मठ पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतील इंग्लंडविषयीचे लेख बहुधा लंडनपाशी सुरू होतात आणि तेथेच संपतात, म्हणून हे पत्र. उत्तरेकडे यॉर्कशरच्या वेन्स्लीडेल खोऱ्यात जर्व्हो येथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत आणि तेथून काही मैलांवरच्या मिडलहम गावात शर्यतीच्या घोड्यांच्या पागा आहेत. ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.

गुड फ्रायडेला मिडलहममधील अनेक पागा लोकांसाठी खुल्या असतात. आम्ही त्याच दिवशी गेलो. एका पागेत खरारा करणाऱ्या मुलीने घोडीचा मागचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर टेकवला आणि नालेच्या कडेला रुतलेली माती आकड्याने कोरून काढली. एवढे तापट जनावर, पण तिच्या हाती पाय देऊन निमूट उभे होते. हा विश्वास रोजच्या सेवेतून येतो, हे कोणी सांगावे लागले नाही.

दुपारी मठात गेल्यावर ते दृश्य डोळ्यांसमोर होते, म्हणूनच दगडांना अर्थ आला. युअर नदीकाठी ११५६ मध्ये येथे स्थिरावलेले हे मठवासी नुसते प्रार्थना करून राहत नव्हते. मेंढ्या पाळणे, चीज बनवणे आणि उत्तम घोडे निपजवणे यांसाठीही त्यांचा लौकिक होता. त्यांच्या घोड्यांपासून आजच्या पागांपर्यंत अखंड परंपरा आहे, असा माझा दावा नाही. परंतु खोरे तेच आहे आणि जनावरही तेच. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या धर्मविषयक धोरणाविरुद्ध उत्तरेत उठाव झाला, त्यात गोवले गेलेले अखेरचे मठाधिपती ॲडम सेडबार यांना १५३७ मध्ये मृत्युदंड देण्यात आला आणि मठ जप्त झाला. इमारती मोडून टाकण्यात आल्या, छपरांवरचे शिसेही उतरवून नेले. तरी शयनगृहाची पश्चिमेकडील उंच भिंत अजून उभी आहे. तिच्यातील निमुळत्या खिडक्यांच्या रांगेतून आता फक्त आभाळ दिसते आणि दगडांच्या फटींत रानफुले उगवलेली असतात. ती फुले उपटून भिंती चकचकीत केलेल्या नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

यापूर्वी एका सहल कंपनीबरोबर आलो होतो, तेव्हा येथे पंधरा मिनिटांचा थांबा मिळाला होता आणि घोड्यांचा उल्लेखही झाला नव्हता. सहली आखणाऱ्यांनी या जागेला किमान अर्धा दिवस द्यावा. ही जागा खासगी मालकीची असून प्रवेशशुल्क विश्वासाने ठेवलेल्या पेटीत टाकायचे असते, तेथे पहारा नसतो. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाने ते आत शिरण्यापूर्वीच टाकावे आणि छायाचित्रासाठी भिंतींवर चढू नये.

आपला,
एक नियमित वाचक